पारड्याखालचे कुंकू

ही गोष्ट मी वडिलांना सांगितली नाही. बहिणीला सांगितली नाही. ज्याला सगळे आधीच ठाऊक असते असे मी मानते, त्याच्यापुढेही ती कधी शब्दांत मांडली नाही — त्याला ठाऊकच आहे, या सबबीवर टाळली. तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? तुम्ही मला वर्गात पाहिलेले नाही, एवढेच कारण असावे. ज्यांनी पाहिले आहे त्यांच्यासमोर माझी मान अजूनही ताठ आहे. आणि ती तशी कशी राहिली, तेच सांगायचे आहे.

पण आधी एक वस्तू बाजूला काढून ठेवते. प्रयोग सुरू करण्यापूर्वी टेबलावरचे नको असलेले सामान उचलून ठेवतात, तशी. सोलापुरातल्या मुलींच्या एका शाळेत मी बरीच वर्षे विज्ञान शिकवले, आणि त्या सर्व वर्षांत एकच प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांनी विचारला गेला — बाई, तुम्ही विज्ञान शिकवता, मग हे जग कोणीतरी निर्माण केले असे तुम्ही मानता का? मी दर वेळी हसून विषय बदलला. आज उत्तर देते. मानते. तेव्हाही मानत होते. पाणी गोठताना आकसत नाही, फुगते. म्हणून बर्फ वर तरंगतो आणि थंड मुलखातल्या तळ्याच्या तळाशी मासा जिवंत राहतो. हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवत असे, घनता म्हणजे काय ते सांगत असे, आणि खडू खाली ठेवताना मनात म्हणत असे — किती विचार करून केले आहे हे! घनतेने माझे मनातले वाक्य खोडले नाही, आणि त्या वाक्याने पाण्याची घनता बदलली नाही. ज्यांना हे दोन एका डोक्यात मावत नाहीत असे वाटते त्यांनी आपले डोके तपासावे. माझ्या डोक्यात ते मावत होते. त्यासाठी मी कोणापुढे ओशाळणार नाही. तो माझा दोष नव्हे.

दोष पुढे आहे. तिथपर्यंत मला थोडे वळसे घेऊन जावे लागेल.

आम्ही वैरागकडचे गुरव. गावाबाहेरच्या महादेवाची पूजा वडिलांकडे होती. बेल तोडायचा, पिंड धुवायची, दिवा लावायचा, सांजेला आरती करायची. आरतीचा कापूर एका पितळी डबीत असे, आणि तो न जाळताही कमी होई. लहानपणी मला हे चोरीचे काम वाटे. मी वडिलांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "कुटं जातोय? देवाकडं जातोय." पुढे शाळेत गुरुजींनी सांगितले की काही पदार्थ वितळण्याची वाट न पाहता थेट हवेत मिसळतात, कापूर त्यांपैकी एक. मी धावत देवळात आले आणि वडिलांची चूक त्यांना सांगितली. ते बेलाची पाने निवडत होते. मान वर न करता त्यांनी विचारले, "आन् हवा कुणाची हाय?"

या उत्तराने मी गप्प झाले असे समजू नका. मला फार मोकळे वाटले. दोन्ही खरे असू शकते, हे मला त्या दिवशी कळले आणि पुढे कोणत्याही पुस्तकाने ते माझ्याकडून काढून घेतले नाही. वडिलांनी मला शिकण्यापासून कधी अडवले नाही. "तू शीक. देवाचं काय अडत न्हाय," असे ते म्हणत. हे सर्व मी सोबत घेऊन सोलापूरला आले.

आणि इथे आल्यावर मी ते लपवले.

शिक्षकांच्या खोलीत संस्कृतचे सर होते. त्यांचा एक ठरलेला विनोद होता. सोमवारी मी आत पाऊल टाकले की ते वर्तमानपत्राआडून विचारत, "काय गुरवबाई, आज बेल की विज्ञान?" बाकीचे हसत. त्या हसण्यात फार विष नव्हते. थोडे होते. गुरवाच्या मुलीने पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन यावे, याची त्यांना गंमत वाटत असे, आणि गंमत वाटणे हा अपमानाचाच एक सभ्य प्रकार आहे. मी काय करायला हवे होते? "दोन्ही," असे म्हणायला हवे होते. एक शब्द. तो मी कधी उच्चारला नाही.

त्याऐवजी मी दुसरे काही केले. आमच्या शाळेत खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या उपकरणांची पूजा होत असे. आमचा शिपाई शिवप्पा — अक्कलकोटकडचा, घरी कानडी बोलणारा — सकाळी येऊन स्पिरिटच्या दिव्यांना, चुंबकांना, भिंगांना हळदकुंकू लावी आणि झेंडूची फुले ठेवी. एका वर्षी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर कुंकू गेले आणि ते पुसताना काचेवर ओरखडा उठला. मी पूजा बंद करण्याची सूचना मांडली. कारण योग्य होते: भिंगाला कुंकू चालत नाही. तेवढे बोलून मी थांबायला हवे होते. पण शिक्षकांच्या सभेत मी उभी राहिले आणि म्हणाले की प्रश्न भिंगाचा नाहीच; जिथे मोजमाप होते तिथे भक्तीला जागा असू नये. हे मी का म्हणाले? मला तसे वाटत नव्हते. मी फक्त संस्कृतच्या सरांकडे पाहून बोलत होते.

तो विनोद त्यानंतर बंद झाला. आमचे मुख्याध्यापक विज्ञानाला व्रतासारखे मानणारे सरळ गृहस्थ होते, ते पाहुण्यांना माझी ओळख करून देऊ लागले — "या आमच्या गुरवबाई. घराणे देवळातले, पण बुद्धी प्रयोगशाळेतली." मला ते ऐकायला आवडू लागले. खरे सांगते — फार आवडू लागले. घरी सांजेला मी दार लावून दिवा लावत होते आणि शाळेत त्या ओळखीवर जगत होते.

हाही मुख्य दोष नव्हे. ही त्याची जमीन.

राजमणी आमच्या शाळेत मोठ्या दुष्काळानंतर आली. शहराच्या पूर्व भागातल्या विणकराची मुलगी. घरात हातमाग, घरात तेलुगू. मराठी तिने शाळेत मिळवलेली, त्यामुळे ती शब्द निवडून, जरा थांबत बोले. मला तिची ही थांबण्याची सवय आवडे. उत्तर येत नसले तर ती "येत नाही" म्हणे, अंदाज ठोकत नसे. शिक्षकाला यापेक्षा अधिक काय हवे असते?

तिचे वडील नरसय्या तिला आठवीनंतर घरी बसवणार होते. मागाला सुताच्या कांड्या भरून द्यायला घरात हात हवा होता. मी त्यांच्या घरी गेले. ते मागावर बसले होते. बराच वेळ त्यांनी पाय थांबवले नाहीत आणि मला मागाच्या खटखटाटातून बोलावे लागले. मग माग थांबला. ते म्हणाले, "बाई, तुमी म्हणता म्हणून ठेवतो. पण शाळेतनं एक तक्रार आली, की घरी बसंल ती. पोरीसाठी खाली मान घालायला मी परत येत न्हाई." मी म्हणाले, तक्रार येणार नाही, हा माझा शब्द. राजमणी दाराशी कांड्यांची टोपली घेऊन उभी होती. तिने तो शब्द ऐकला.

हे लक्षात ठेवा. एका तक्रारीवर तिचे सगळे शिक्षण टांगलेले होते, आणि हे शाळेत फक्त मला ठाऊक होते. मुख्याध्यापकांना नाही, कोणालाच नाही.

राजमणीची एक रीत होती. तिच्या घरी मागावर सुताचा पहिला धोटा फेकण्यापूर्वी मागाच्या लाकडाला हात लावून कपाळाला लावतात. तीच रीत तिने प्रयोगशाळेत आणली होती. उपकरण हाती घेण्यापूर्वी ती टेबलाची कड हळूच बोटांनी शिवे आणि बोटे कपाळाला लावी. उपकरणाला कधी हात लावत नसे, फक्त टेबलाला. एकदा मुली खुदखुदू लागल्या, तेव्हा मी शिक्षिकेच्या आवाजात म्हणाले की राजमणी, तराजूला नमस्कार कळत नाही. ती थांबली, शब्द निवडले आणि म्हणाली, "तराजूला न्हाई, बाई. वजन ज्यानं दिलं त्याला."

सगळा वर्ग हसला. मीही हसले.

तुम्हाला कळते आहे ना, मी कशाला हसले? ते माझेच वाक्य होते. वडिलांच्या कापरापासून मी जे उराशी धरून होते, ते त्या मुलीने परक्या भाषेत, माझ्याहून नेमके, उभे राहून सर्वांसमोर सांगितले. आणि मी हसले — वर्गाबरोबर.

त्यानंतरच्या वर्षी शाळेला नवा तराजू मिळाला. तराजूविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. त्याशिवाय पुढचे समजणार नाही. काचेच्या पेटीत लाकडी पाट असतो, त्यावर खांब, खांबावर आडवी दांडी आणि दांडीच्या दोन टोकांना दोन पारडी. खाली एक खुंटी असते. ती फिरवली की दांडी उचलली जाते, पारडी अधांतरी येतात आणि काटा हलू लागतो. उलट फिरवली की दांडी खाली बसते आणि पारडी लाकडी पाटावर टेकतात. वजन करून झाले की तराजू नेहमी विसाव्याला ठेवावा, नाही तर दांडीची धार झिजते. हे मी दर वर्षी शिकवत असे. मुलींकडून घोकून घेत असे.

तराजू खोक्यातून काढला तो नेमका खंडेनवमीच्या सकाळी. त्या दिवशी शाळा अर्धा वेळ होती. मुली खाली पाटीपूजनाला जमल्या होत्या. गिरणीचा भोंगा होऊन गेला होता. प्रयोगशाळेत मी एकटी. मी तराजू पेटीत बसवला, पाट समतल केला, खुंटी फिरवली. दांडी उचलली गेली. काटा डावीकडे गेला, उजवीकडे गेला, आणि असा काही शांतपणे मध्यावर आला की माझ्या डोळ्यांत पाणी आले. दोन पारडी, दोन्ही रिकामी, आणि त्यांच्यामध्ये कसलेच भांडण नाही. ज्याने प्रत्येक कणाला दुसऱ्या कणाची ओढ लावून ठेवली, त्याची मला त्या क्षणी इतकी जवळून जाणीव झाली — जितकी देवळातही क्वचित झाली होती.

आमच्या घरी नवी वस्तू कुंकवाशिवाय वापरात येत नाही. शिवणयंत्र असो, सायकल असो. माझ्या पिशवीत पुडी होती. सकाळी घरच्या पूजेतली उरलेली. मी हातावर पाण्याचा थेंब घेतला, कुंकू कालवले. आणि तरीही मी शिक्षिकाच होते — दांडीला लावले नाही, पारड्याला लावले नाही. मोजमापाच्या बाहेरची जागा शोधली. पारडी अधांतरी झुलत होती. डाव्या पारड्याखाली पाटाचे लाकूड मोकळे दिसत होते. तिथे मी कुंकवाची अनामिका टेकवली. हात जोडले. मग, शिकवते तसे, तराजू विसाव्याला ठेवला. खुंटी फिरवली.

पारडे खाली बसले — ओल्या कुंकवावर.

माझ्या हे लक्षात आले नाही. पेटीला कुलूप लावून मी पाटीपूजनाला गेले. मी भीतीने पूजा केली नव्हती, सवयीने केली नव्हती. आनंदाने केली होती. त्या कुंकवाबद्दल मला आजही लाज नाही. कोणी ती माझ्या गळ्यात घालू पाहील तर मी ती घेणार नाही.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात शाळेची तपासणी झाली. मुख्याध्यापकांना नवा तराजू दाखवायचा होता. मी राजमणीला पुढे केले. तिच्याहून हलका आणि स्थिर हात वर्गात कोणाचा नव्हता. तिने टेबलाची कड शिवली, बोटे कपाळाला लावली. अधिकारी पाहत होते. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिले. तिने खुंटी फिरवली. काटा मध्यावर येत नव्हता. तिने गोंधळ केला नाही, दांडीच्या टोकाचा स्क्रू फिरवून काटा मध्यावर आणला. अधिकाऱ्यांनी खिशातली किल्ली दिली. तिने तोलली, उत्तर सांगितले. ते म्हणाले, पुन्हा करून दाखव. तिने तराजू विसाव्याला ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा तोलली. उत्तर वेगळे आले. तिसऱ्यांदा आणखी वेगळे.

दर वेळी पारडे खाली टेकत होते, आणि वाळलेल्या कुंकवाचे कण काही सुटत होते, काही चिकटत होते. हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. राजमणी हळूच मला म्हणाली, "बाई, पारडंच बदलतंय."

अधिकाऱ्यांनी चष्मा नाकावर सरळ केला, बोटाने पारडे उचलून खाली वाकून पाहिले. तळाला लाल ठसा होता. पाटावरही होता. ते हसत म्हणाले, "वा. सोलापुरात देवही तराजूत बसून घेतो वाटतं." बरोबरचे लोक हसले. मुख्याध्यापकांचा चेहरा मी विसरलेले नाही.

आणि त्या क्षणी मला सर्व कळले. पारडे कुठे टेकते ते. मी बोट कुठे टेकवले ते. मोजमापाच्या बाहेरची म्हणून मी जी जागा निवडली होती ती बाहेरची नव्हती. बोलायचे होते तर तेव्हा. मी बोलले नाही.

अधिकारी गेल्यावर मुख्याध्यापकांनी आम्हाला आपल्या खोलीत बोलावले — शिवप्पाला, राजमणीला आणि मला. मला साक्षीदार म्हणून. हे लक्षात घ्या. माझ्यावर संशय घेण्याचे त्यांच्या मनात येणेच शक्य नव्हते. ती पूजा मीच बंद केली होती.

शिवप्पा आधी बोलला. "म्या न्हाय लावलो, सर. बाईनी नको म्हटल्यापासनं त्या खोलीत फूलसुदीक नेलो न्हाय." त्याचे खरे होते आणि ते मुख्याध्यापकांना पटले. मग ते राजमणीकडे वळले. ओरडले नाहीत. ते कधी ओरडत नसत. त्यांनी विचारले, हे तू केलेस का?

ती थांबली. तिच्या त्या थांबण्यात मला किती वेळ मिळाला होता! मग ती म्हणाली, "न्हाई सर. मी लावली असती तर पारड्याखाली लावली नसती. पारडं तितं टेकतं."

यापेक्षा निर्दोष पुरावा मी कोणत्याही विद्यार्थ्याकडून ऐकलेला नाही. तिचे म्हणणे असे: ज्याला तराजू समजतो तो तिथे कुंकू लावणार नाही. मला तराजू समजतो. म्हणून मी लावले नाही. हे वाक्य ज्या मुलीच्या तोंडून निघाले तिचा नमस्कार आणि तिचे मोजमाप एका टेबलाशी रोज सुखाने नांदत होते, आणि दोघांपैकी कोणी कोणाला शिवत नव्हते. उत्तर हवे होते ना, त्या जुन्या प्रश्नाचे? ते तिथे परकर-पोलक्यात उभे होते.

मुख्याध्यापकांना ते उद्धट वाटले. पुराव्याला उद्धटपणा समजणे ही चांगल्या माणसांकडूनही घडणारी चूक आहे. ती दुरुस्त करणारी व्यक्ती खोलीत एकच होती. मुख्याध्यापकांनी नेमके माझ्याकडेच पाहिले. म्हणाले, "बाई, तुम्हाला काय वाटते?"

मी म्हणाले, "राजमणी रोज वजन करण्यापूर्वी नमस्कार करते."

झाले. हाच तो दोष.

वाक्य पुन्हा वाचा. त्यात एकही शब्द खोटा नाही. मी ते तपासून बोलले होते — होय, त्या क्षणीही मी शब्द तपासले. ती रोज नमस्कार करत होती. वजन करण्यापूर्वीच करत होती. मी खोटे बोलले नाही, असे म्हणण्याची सोय मी स्वतःसाठी ठेवली आणि बाकी सर्व तिच्या पारड्यात टाकले. तिने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. उत्तर येत नसले की ती जशी फळ्याकडे पाहत असे, तशी.

मुख्याध्यापकांनी तिला विज्ञानाच्या तुकडीतून काढून गृहविज्ञानात घातले आणि वडिलांना समज देण्यासाठी बोलावले. शिक्षा म्हणून त्यांना ही फारच सौम्य वाटली असेल. वडिलांना बोलावणे म्हणजे काय, हे त्यांना माहीत नव्हते. मला माहीत होते. मी तेही सांगितले नाही. ते सांगायला तर कुंकवाची कबुली लागत नव्हती — साहेब, वडिलांना बोलावू नका, एवढे म्हटले असते तरी पुरले असते. पण त्या मुलीसाठी रदबदली करताना माझा आवाज कापेल आणि कोणीतरी "गुरवबाई शेवटी गुरवबाईच" असे म्हणेल, याची मला धास्ती होती. एका मुलीच्या शिक्षणापुढे मी ते वाक्य तोलले, आणि ते वाक्य जड भरले.

नरसय्या आले. धुतलेला सदरा घालून आले होते. मुख्याध्यापकांचे त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. किती समजले कोण जाणे. व्हरांड्यात मला पाहून थांबले. "तक्रार आली न्हवं, बाई?" एवढेच विचारले. मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून राजमणी शाळेत आली नाही.

आता तुमच्याशी बोलते. तुमच्यापैकी काही जण म्हणतील, पाहा — श्रद्धा प्रयोगशाळेत शिरली की तराजू बिघडतो. चूक. ते कुंकू मी ओल्या फडक्याने पुसले, स्क्रू होता तिथे मागे फिरवला आणि काटा पुन्हा मध्यावर आला. श्रद्धेने केलेली खराबी पुसायला मला जेमतेम ओले फडके लागले. दुसरे काही जण म्हणतील, पाहा — विज्ञानाने बाईला कोरडे केले. तेही चूक. विज्ञानाने मला शिकवले होते की निरीक्षण जसे दिसले तसे नोंदवावे, आवडेल तसे नव्हे. ते पाळले असते तरी मुलगी वाचली असती. वडिलांनी शिकवलेले पाळले असते तरी वाचली असती. दोघांनी मला एकच सांगितले होते — खऱ्याला भिऊ नये. मी दोघांचेही ऐकले नाही. माझ्या गुन्ह्यासाठी या दोघांची जुंपू नका. तो माझा आहे, पूर्ण माझा, आणि त्यातला वाटा मी कोणाला देणार नाही.

पुढच्या खंडेनवमीला मी पूर्व भागात गेले. सांगायचे ठरवून गेले होते. त्या दिवशी तिकडचे माग बंद असतात, आणि रोजच्या खटखटाटाची सवय असलेल्या कानाला ती गल्ली अनोळखी वाटते. नरसय्यांच्या घराचे दार उघडे होते. राजमणी मागाची पूजा करत होती. साडी नेसली होती, त्यामुळे क्षणभर मी तिला ओळखले नाही. तिने कुंकू मागाच्या बाहेरच्या खांबाला लावले, वरच्या अंगाला — जिथे सूत जात नाही, धोटा जात नाही, हात टेकत नाही. मग वळली.

"या बाई. बसा की."

मी बसले. तिने हळदकुंकवाचा करंडा आणला. दारी आलेल्या बाईला कुंकू लावल्याशिवाय जाऊ देत नाहीत. ती मला तसे जाऊ देणार नव्हती. तिने अनामिका कुंकवात बुडवली आणि माझ्या कपाळाला टेकवली. मी डोळे मिटले. माझे वाक्य तयार होते. घरून निघताना मी ते व्यवस्थित बांधले होते, शब्द तपासून.

ती म्हणाली, "नवा तराजू नीट चालतोय न्हवं, बाई?"

मी म्हणाले, "चालतो."

तेही खरे होते. तिने दिलेला पेढा मी खाल्ला, पाणी प्याले, आणि कपाळावरचे कुंकू न पुसता त्या गप्प गल्लीतून घरी आले.